माहेरची जिवती

दुपारच्या शांततेत देवघरातून वाटीत चमचा फिरल्याचा आवाज आला. टिण्, टिण्, टिण्.

मीना आत्ता कुठे झोपली होती. तीन दिवस पोर गोवराने फणफणली होती. खोलीच्या खिडकीला निळं लुगडं बांधून अंधार केला होता आणि उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवला होता. पायाशी बसलेल्या तिच्या आईचे, उर्मिलेचे, डोळे नुकतेच मिटू लागले होते. त्या आवाजाने ती सावध झाली. एवढ्या दुपारी आत्याबाई काय ढवळून राहिल्या? मग चमचा थांबला आणि भिंतीवर तळहात थापल्याचा आवाज यायला लागला. थप्, थप्, वरून खाली.

ती देवघराच्या दाराशी गेली आणि उंबरठ्यातच थिजली.

तिच्या सासूबाई अंबाबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणे, पाटावर उभ्या राहून भिंतीला कागद चिकटवत होत्या. कणकेच्या खळीने त्यांचे हात कोपरापर्यंत माखलेले. भिंतीवरून नथ घातलेली, अंबाडा बांधलेली एक बाई उर्मिलेकडे पाहत होती आणि तिच्या मांडीवर चार-सहा महिन्यांचं बाळ मूठ चोखत होतं.

"पाह्य बरं, सरळ लागली का?" अंबाबाई म्हणाल्या. "माही तं मान वाकडी होऊन गेली."

उर्मिलेने नुसती मान डोलावली.

"आवस हाय आज. उद्यापासून श्रावन. मागच्या साली जास्तीचा आनून ठेवेल जिवतीचा कागद काढाले गेली तं उधईनं चाळनी करून टाकली त्याची. नत्थूजीच्या दुकानात गेली, तं तो म्हणते, नागपूरहून कागदच आले नाई औंदा. म्हणते, राज्याच्या वाटनीत नागपूर मुंबईकडं चाल्लं अन् आपन भोपाळकडं, तं ते लोक आपल्याले कायले जिवत्या पाठवतीन?" त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "त्याच्या दुकानात गूळ कडू निघाला तरी तो दिल्लीलेच शिव्या देते. पन घरात पोरगी गोवरानं पडली अन् भिंतीवर जिवती नाई, असं चालते का? मंग आठवलं, तुह्या पेटीत तुह्या माहेरची जिवती हाय. सहा सालापासून लुगड्यात गुंडाळून ठेवली. देवीले असं कोंडून ठेवत असते का, पोरी?"

उर्मिला नुसती "नाही" म्हणाली. कारण ती जिवती आहे असं सहा वर्षांपूर्वी तिनंच सांगितलं होतं.

*

भिंतीवरची बाई जिवती नव्हती. ती मुळात बाईच नव्हती.

उर्मिलेचे वडील रघुनाथराव पांढुर्ण्याच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये कारकून होते. सव्वीस वर्षांपूर्वी, कापसाचा हंगाम सरून गोदामं रिकामी झाल्यावर, नूपुर संगीत मंडळी नावाची नाटक कंपनी पांढुर्ण्यात उतरली. गोदामातच पडदे बांधले. पहिल्या रात्री नाटकातल्या आईच्या हातून तान्हं बाळ निसटलं, आणि ते बाळ म्हणजे चिंध्यांचं गाठोडं रंगमंचावर उलगडत गेलं. पांढुर्ण्याचे लोक आठवडाभर हसत होते. आईचं काम करणारे दामोदर केळझरकर, ज्यांना सगळे दामूअण्णा म्हणत, त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी ते गोदामाच्या ओसरीवर रघुनाथरावांसमोर हात जोडून उभे राहिले. "तुमच्या घरी लहान मूल आहे असं कळलं. तीन रात्री द्याल?"

घरात लहान मूल होतं, पण त्याची आई नव्हती. उर्मिलेच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी ती बाळंतपणाच्या तापात गेली होती. मोहगावची आत्या पोरीला सांभाळायला येऊन राहिली होती. आत्या म्हणाली, "नाटकवाल्याच्या मांडीवर पोरगी? तुमचं डोकं फिरलं का, दादा?" पण रघुनाथरावांनी दिली. का दिली ते त्यांनी पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आत्याच्या कुशीत रात्ररात्र रडणारी पोर दामूअण्णांनी नुसती पाहायला म्हणून घेतली, तर गप्प झाली.

तीन रात्री उर्मिला नाटकात होती. चौथ्या दिवशी सामान रेल्वेवर जाण्याआधी दामूअण्णांनी पुन्हा नऊवारी नेसली, नथ घातली, पोरीला डाव्या मांडीवर घेतलं आणि आरशासमोर बसून उजव्या हाताने चित्र काढलं. भुवया रेखायच्या काळ्या कांडीने रेघा ओढल्या, आणि गालांना लावायची लाली लुगड्याच्या काठाला, ओठांना आणि बाळाच्या तळव्यांना लावली. खाली सही केली. रघुनाथरावांच्या हाती देताना म्हणाले, "मला लेकरू नाही. हिची आई नाही. तीन रात्रींचा हिशेब कागदावर राहू द्या."

उर्मिलेच्या खऱ्या आईचा फोटो कुठेच नव्हता. आईच्या मांडीवर बसलेली उर्मिला जगात या एका कागदावर होती.

त्या चित्राने रघुनाथरावांना छंद लागला. पांढुर्ण्याहून नाटकवाला, पुढे सिनेमावाला कोणी जाणार असं कळलं, की ते संत्र्यांची टोपली घेऊन स्टेशनवर हजर. गाडी थांबायची तीन मिनिटं. धोतराचा सोगा एका हातात, टोपली दुसऱ्यात, आणि मागे जाड कागदाची वही सांभाळत पळणारी उर्मिला. लोक सह्या मागत. रघुनाथराव चित्र मागत. "सही काय, रजिस्टरवर मास्तरही करते. हातानं काहीतरी काढा. काहीही." नटमंडळी आधी गोंधळायची, मग हसायची, मग खिडकीच्या कडेवर वही टेकून काढायची. खलनायकाचं काम करणाऱ्या एका मोठ्या नटाने कोंबडीचं पिल्लू काढलं, इतकं कोवळं, की बाबांनी ते घरी आल्यावर तीनदा पाहिलं. लोकांना पोट धरून हसवणाऱ्या एकाने पानं नसलेलं झाड काढलं आणि मान वर न करता वही परत दिली. एका प्रसिद्ध नायिकेने आपलंच नाक काढलं, "सगळे यालाच हसतात" म्हणाली, आणि सही करून चार संत्री जास्तीची मागितली. गाडी हलली तरी ती टोपली ओढतच होती. बाबा फलाटाच्या टोकापर्यंत पळाले आणि टोपली गेली तर गेली, वही राखली.

घरी आल्यावर कंदिलाच्या उजेडात ते पान उघडायचे आणि म्हणायचे, "पाह्य ऊर्मी, यानं तोंडाला रंग लावला की हजार लोकांना फसवतो. पण हाताला फसवता येत नाही."

लग्नात त्यांनी सगळं पाठवलं नाही. वह्या राहू दिल्या. फक्त दामूअण्णांचं चित्र तिच्या पेटीत, दोन लुगड्यांच्या मध्ये ठेवलं. आठव्या दिवशीच अंबाबाईंनी पेटी उघडायला लावली, चित्र वर काढलं आणि विचारलं, "हे कोन?" पांढुर्ण्याहून सौसरला आलेली वीस वर्षांची सून. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "नाटकवाले अन् उंदीर, घरात घुसले की घर पोखरते," ते तिने कालच ऐकलेलं. तिने डोळे मिटून सांगितलं, "जिवती आहे. माहेरची."

अंबाबाईंनी लगेच कागद कपाळाला लावला. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, वह्याही तिच्याकडे आल्या, त्या तिने अंथरुणांच्या पेटीत तळाशी ठेवल्या. पण ते खोटं तसंच राहिलं.

*

संध्याकाळी तिचा नवरा श्रीकांत शाळेतून आला तेव्हा तिने त्याला चुलीपाशी गाठून सगळं सांगितलं. तो सौसरच्या शाळेत मास्तर होता. आधी त्याने तोंडात धोतराचा सोगा कोंबला. हसू आवरलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"हसता काय? रीतीप्रमाणे पोळ्याच्या आवसेला त्या कागद नदीत सोडतील."

"मग सांगून टाक."

"तुम्ही सांगा."

"मी? माझी सध्या शाळेतच पंचाईत आहे. हेडमास्तर म्हणतात, पुढच्या वर्षी पुस्तकं नागपूरची राहतील का जबलपूरची, कोणालाच माहीत नाही." मग तो नरमला. "हे पाहा, आमच्या ड्रॉइंग मास्तरांना बोलावतो. हुबेहूब नक्कल करून देतील. खरं नदीत जाऊ दे, नक्कल ठेव."

"नकलेत दामूअण्णांचा हात कुठून येईल?"

श्रीकांतने चुलीतलं लाकूड आत सारलं. म्हणाला, "तूही तुझ्या बाबांचीच मुलगी."

पहिला शुक्रवार आला. हुकूम सासूचा आणि पूजा सुनेची. आघाड्याची आणि दूर्वांची माळ झाली, कापसाची वस्त्रं झाली, पुरणाचे दिवे झाले. उर्मिलेने बोटावर कुंकू घेतलं आणि चित्राच्या कपाळावर अगदी तिळाएवढं टेकवलं.

"मंत्राले नाई लावलं?" मागून अंबाबाई.

"कुठला मंत्र?"

"तो काय खाली. लिहेल हाय ना." अंबाबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या सहीकडे बोट दाखवत होत्या. "मंत्राले पहिले लावाचं, माय."

उर्मिलेने दामोदर केळझरकर या नावावर कुंकू लावलं. दर शुक्रवारी लावलं. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत 'दामो' तेवढं वाचता येत होतं, चौथ्याला तेही नाही.

गोवर उतरायचं नाव घेईना. दुसऱ्या शुक्रवारी मीनाचा ताप इतका चढला की ती आईला ओळखेना. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलं, "रात्र काढा" म्हणाले. दिवेलागणीला उर्मिला देवघरात आली ती पूजेसाठी नाही, दुसरीकडे कुठे रडावं ते कळेना म्हणून. पाटावर बसली. समोर ती मांडी होती, मूठ चोखणारं बाळ होतं. तिने पदर पसरला. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं की ती 'देवी' म्हणाली नव्हती.

सकाळी ताप उतरला. रविवारी मीनाने वरण-भात मागितला.

मग शेजारपाजारच्या बाया हळदीकुंकवाला यायला लागल्या, आणि माहेरच्या जिवतीची कीर्ती आळीत पसरली. समोरच्या घरची प्रतिभा मोठी चौकस. ती फुटाणे चघळत चित्रासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"काकू, तुमची जिवती लय ठसठशीत हाय वो. पन हात पाह्य ना केवढे! आमच्या घरच्या गड्याचे असे हात हाय."

"देवीचे हात ते," अंबाबाई फणकारल्या. "गावभराचे लेकरं सांभाळते ते. तुह्यासारखे नाजूक ठेवून कसं भागंन? तुह्यानं एक पोट्टं आवरत नाई."

बाया खळखळून हसल्या. उर्मिला दुधाची वाटी घेऊन आत गेली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. बाबा असते तर पोट धरून हसले असते, असं वाटून तिला रडूच आलं.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी अंबाबाई आळीत कोणाकडे मातीचे बैल रंगवायला बसल्या होत्या. उर्मिलेने दार लोटलं, ओलं फडकं पिळून घेतलं आणि चित्राच्या खालच्या कडेला दाबून धरलं. खळ हळूहळू सुटते; घाई केली की कागद जातो. वहीत लावायला भिंतीवरच्या नाटकांच्या जाहिराती सोडवताना बाबांनी तिला शिकवलं होतं. कोपरा सुटला. बोटभर, मग चार बोटं. बाळाच्या तळव्यापाशी एक बारीकशी चीर गेली आणि तिने हात थांबवला.

"काय करून राहिली?"

अंबाबाई दारात होत्या. हाताला हिरवा रंग.

"काढून राहिली, आत्याबाई."

"उद्या काढाचं हाय ते. अन् पानी लावून? फाटलं मंग?"

"फाटू नये म्हणूनच." उर्मिलेचं फडकं खाली पडलं. "आत्याबाई, ही जिवती नाही."

"मंग कोन हाय?"

"दामोदर केळझरकर."

"बाईचं नाव दामोदर?"

"बाई नाही ती. नाटकात बाईचं काम करत होते. त्यांनी आपलं आपणच काढलं आहे."

अंबाबाई पाटावर बसल्या. डोळे बारीक करून त्यांनी चित्राचे ओठ निरखले.

"मिशी भादरत होता?"

"हो."

"रोज?"

"रोजच असेल."

"अवं माय!" त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले, हिरवा रंग केसांना लागला. "चार शुक्रवार! मी मिशी भादरनाऱ्यापुढं चार शुक्रवार पुरनाचे दिवे लावाले लावले! तरीच ते प्रतिभी हातं पाहून राहिली होती." मग त्यांचा आवाज खाली आला. "अन् हे पोट्टं कोनाचं?"

"मी आहे ते."

उर्मिलेने सगळं सांगितलं. चिंध्यांचं गाठोडं, तीन रात्री, आरसा, लाली. शेवटी अंबाबाई म्हणाल्या, "त्या टायमाले खरं सांगतलं असतं, तं मी हे फेकून देल्लं असतं. खोटं कायले बोलू?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हं. आता मले एक सांग. दुसऱ्या शुक्रवारी पोरगी हाती लागत नव्हती, तवा तू इथं बसून रडत होती. मी दारातून पाह्यलं. पदर पसरला होता तुनं. कोनापुढं पसरला? नाटकवाल्यापुढं?"

उर्मिलेने नाही म्हणून मान हलवली.

"जिवतीपुढं?"

"नाही."

"मंग?"

"आईपुढं."

अंबाबाईंनी ओलं फडकं उचललं, घडी करून बाजूला ठेवलं. "झालं तं मंग. ज्याच्यापुढं लेकरासाठी पदर पसरला, तो कागद पेटीत ठेवत नाई, नदीतच सोडते, पोरी. मागून घेतलं, पोरगी उठून बसली, अन् मंग त्याले पुन्हा लुगड्यात कोंडाचं? मले भेव वाटते. मीनीसाठी वाटते." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी नाई हात लावत. वस्तू तुही, लेकरू तुहं. तूच ठरव."

रात्रभर उर्मिला दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडली. कागदाने कधी ताप उतरतो का? डॉक्टरांच्या औषधाने उतरला. मग मन म्हणे, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा काही झालं तर? तेव्हा कोणत्या तोंडाने पदर पसरशील? श्रीकांतला उठवून विचारावंसं वाटलं, पण तो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं, आणि ते बरोबरच असेल हेही. बरोबर असण्याचा इथे काही उपयोग नव्हता. कुशीत मीना झोपली होती. तापाने तिची मान एवढीशी झाली होती.

पहाटे उठून तिने पुन्हा फडकं भिजवलं. यावेळी सावकाश, कडेकडेने, पूर्ण कागद सोडवला. एकही चीर जाऊ दिली नाही.

अंबाबाईंनी दहीभात कालवून केळीच्या पानावर ठेवला, एक खण आणला, मूठभर तांदूळ आणले आणि कागदाची ओटी भरली.

"आत्याबाई, ते गडी माणूस होते," उर्मिला म्हणाली. तिला हसू आलं.

"असंन. माहेरचं मानूस हाय, रिकामं कसं धाडू?"

मीना हट्ट धरून बरोबर निघाली. नदीवर बैल धुवायला आलेल्यांची गर्दी होती. शिंगांना गेरू, गळ्यात घुंगरांच्या माळा, आणि पुरुषमंडळींच्या तोंडी उद्या पांढुर्ण्यात दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीच्या गप्पा. उर्मिला वरच्या अंगाला, जिथे पाणी नितळ होतं तिथे गेली. वाटेत मीनाने विचारायला सुरुवात केली होती आणि आता उर्मिलेला खोटं सांगायचा कंटाळा आला होता. तिने पोरीला सगळं सांगितलं: ही जिवती नाही, हे दामूअण्णा, हे बाळ म्हणजे मी.

मीनाने बाळाला नीट निरखून पाहिलं. "तू मूठ खात होती?"

"हो."

"छी."

कागद पाण्यावर क्षणभर तरंगला. मग भिजत गेला. आधी कुंकू सुटलं, मग लाली, काठाची, ओठांची, तळव्यांची. पाण्यात एक गुलाबी रेघ लांबत गेली. काळ्या रेघा शेवटपर्यंत राहिल्या. मांडीचा बाक दिसत होता, वाकलेली मान दिसत होती. मग प्रवाहाने कागद वळवला आणि दगडापलीकडे नेला. उर्मिला गुडघाभर पाण्यात होती. लुगडं भिजलेलं तिच्या ध्यानातही नव्हतं.

मीना काठावर उकिडवी बसून दगडापलीकडे पाहत होती. मग तिने आईच्या ओल्या पदराचं टोक धरलं.

"आई, ती तुझी आई नव्हती ना? मग तुझी खरी आई कशी दिसत होती?"